मुलीच्या चतुःसीमा

बॅरिस्टरबाईंचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीच्या तळाला चपलांचं दुकान. खाली जोड्या विकतात आणि वर जोड्या सोडवतात, हा विनोद तिथं इतका जुना झालाय की लिफ्टमध्ये नवा माणूस चढला आणि त्याला तो सुचला, की बाकीचे भिंतीकडे बघत उभे राहतात.

शहरात घटस्फोटाचे वकील पोत्यानं मिळतील, पण नाव घ्यावं असे दोनच. एक बाई आणि दुसरा गेंडा. गेंडा हे अर्थात पाठीमागचं नाव. त्याला काहीही बोला, टोचून बोला, कापून बोला, आत काही शिरत नाही म्हणून. त्यालाही ते माहीत होतं. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून त्यानं दगडी गेंडाच ठेवला होता. बायकोनं बाई धरल्या की नवरा गेंड्याकडे पळायचा, आणि नवऱ्यानं आधी बाई गाठल्या की बायको गेंड्याकडे. पंचवीस वर्षं दोघं कोर्टात एकमेकांचे कपडे फाडत होते, आणि मधल्या सुट्टीत एकमेकांकडे रक्तदाबाच्या गोळ्या मागत होते.

बाईंची ख्याती अशी की त्यांच्यासमोर माणूस आवाज चढवत नसे. कारण आवाज चढवला तर त्या खाली बघून पेन्सिलीला टोक काढायला लागायच्या आणि टोक होईपर्यंत मान वर करायच्या नाहीत. अशिलांसाठी त्यांनी दोन खुर्च्या ठेवल्या होत्या, दोन्ही शिसवीच्या, भरभक्कम. सुरुवातीला हलक्या होत्या. एकदा एका जावयानं त्यातली एक सासऱ्यावर उगारली, तेव्हापासून जड.

या ऑफिसात, कपाटाच्या मागं, खिडकीला लागून दस्तकाकांचं टेबल होतं. आपली गोष्ट त्यांची.

काकांनी बावीस वर्षं जमिनीचे दस्त लिहिले. नोंदणीच्या कचेरीबाहेर, जिन्याखाली, एक टेबल, एक टाइपरायटर आणि एक बाक. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र. भाऊ भाऊ डोकी फोडून यायचे आणि काका त्यांना शेजारी शेजारी बसवून विचारायचे, "विहीर कुणाकडं?" मग नव्यानं भांडण सुरू व्हायचं आणि काका शांतपणे कागद चढवून वाट बघायचे. त्यांनी लिहिलेला दस्त कधी कोर्टात फिरला नाही. त्याला कारण त्यांचे दोन नियम. पहिला, दस्तात कोरी जागा सोडायची नाही. कोरी जागा दिसली की कुणीतरी बदमाश रात्रीतून तिथं स्वतःचा आजोबा घुसवतो. दुसरा, चतुःसीमा लिहिल्याशिवाय खाली सही घ्यायची नाही. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला काय, उत्तरेला काय. "चारी बाजूंनी बांधलं की जमीन हलत नाही," असं ते म्हणायचे.

मग कचेरीत यंत्रं आली. लोक काचेच्या खिडकीतून छापील दस्त घ्यायला लागले आणि जिन्याखालचा बाक रिकामा पडला. त्याच सुमाराला बाईंना एका वाटणीपत्रात चूक काढायची होती. तीन दिवस काढत बसल्या, चूक सापडेना. शेवटी त्यांनी लिहिणाऱ्याचा पत्ता काढला, जिन्याखाली आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळे मी केस हरले. उद्यापासून माझ्याकडे या."

काकांनी घरी सांगितलं तेव्हा काकू शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकत्याच आल्या होत्या, हाताला कांद्याचा वास. त्या म्हणाल्या, "घटस्फोटाच्या वकिलाकडं? अहो, तुम्हाला घरातलं भांडण ऐकू येत नाही, लोकांची काय ऐकणार?"

"ऐकायची नाहीत. टाइप करायची आहेत," काका म्हणाले.

संगणक त्यांनी शिकून घेतला. पण बोटं टाइपरायटरची. अशी आपटायचे की वर्षाला एक कळफलक मरायचा. बाई म्हणायच्या, "काका, तो ऐकतो हो. हळू सांगा."

तर सहा वर्षं अशी गेली, आणि मग औषधवाली आणि लिफ्टवाला यांची केस आली.

ती औषधांच्या दुकानात काम करायची, तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्नाला अकरा वर्षं. कुणी कुणाला मारलं नव्हतं, कुणी बाहेर कुठं गुंतलं नव्हतं. पण घरात दोघं असले की भिंतींनासुद्धा धाप लागावी, असं झालं होतं. वेगळं व्हायचं यावर दोघांचं एकमत होतं. भांडी कुणाची, कपाट कुणाचं, तेही ठरलं. शहराबाहेर घर बांधायला म्हणून घेतलेला एक छोटा प्लॉट होता, तो मुलीच्या नावावर करायचा, हेही ठरलं. मुलगी आठ वर्षांची. ती शाळेचे पाच दिवस आईकडे आणि दोन दिवस वडिलांकडे राहील, तेसुद्धा ठरलं.

मग अडलं कुठं? अडलं एका शब्दावर. ताबा.

कायद्याच्या कागदावर एकाकडं मुलीचा ताबा असतो आणि दुसऱ्याला भेट असते. औषधवालीचं म्हणणं, ताबा माझ्या नावावर पाहिजे. "उद्या शाळेत सही लागली, दवाखान्यात सही लागली, तर मी काय याला शोधत फिरू? हा कुठल्यातरी विहिरीत लोंबकळत असणार."

"त्याला विहीर नाही म्हणत, शाफ्ट म्हणतात," लिफ्टवाला म्हणायचा. "आणि भेट मला नको. भेट तुरुंगात असते नाही तर दवाखान्यात असते. मी तिचा बाप आहे, पाहुणा नाही."

सात महिने हे चाललं. दोन नामांकित वकील, दोघांकडं जाडजूड पुस्तकं, आणि मध्ये दोन अक्षरं. बाईंनी शब्द फिरवून बघितले, गेंड्यानं फिरवून बघितले. ती हो म्हणाली की तो नाही, तो हो म्हणाला की ती नाही.

शेवटी न्यायाधीश कंटाळले. तारखेला चष्मा काढून म्हणाले, "पुढच्या गुरुवारी दुपारी अडीच वाजता एक तर तडजोडीचा कागद आणा, नाही तर मुलीला आणा. मी तिला माझ्या खोलीत बसवून विचारतो, तुला कुणाकडं राहायचंय. मग ती सांगेल तसं."

मागच्या बाकावर फाईल घेऊन बसलेल्या काकांचे कान तापले.

ते नऊ वर्षांचे असताना त्यांच्या घरात असंच झालं होतं. गावात कोर्ट नव्हतं. अंगणात सतरंजी टाकली, पाच मोठी माणसं बसली, एका टोकाला बाप, एका टोकाला आई, आणि मध्ये हा. त्यांतल्या एकानं विचारलं, "बाळा, कुणाकडं राहतोस?" बापाची नवी सायकल भिंतीला टेकवलेली होती. त्यानं सायकलीकडं बघितलं आणि बापाकडं बोट केलं. आई त्याच दिवशी मामाच्या गावाला गेली. नंतर वर्षातून दोनदा तो तिकडं जायचा. ती जेवायला वाढायची, डोक्याला तेल लावायची. त्या दिवसाबद्दल ती एक शब्द कधी बोलली नाही. बोलली असती, दोन थोबाडीत मारल्या असत्या, तर बरं झालं असतं. काकांनी ही गोष्ट काकूंनासुद्धा सांगितलेली नव्हती. त्या विचारायच्या, "तुम्ही सायकल का चालवत नाही हो?" तर ते म्हणायचे, "गुडघे दुखतात." पंचविसाव्या वर्षापासून दुखत होते.

कोर्टातून परत येताना लिफ्टमध्ये ते बाईंना म्हणाले, "बाई, तो शब्दच काढून टाकला तर?"

"कुठला?"

"ताबा."

"काका, दोघांना तोच हवाय. नवऱ्याला भेट नको म्हणजे काय, त्यालाही ताबाच हवाय. मी काढला तर माझी अशील मला काढेल."

"पण पोरीला विचारणं..."

"मलाही नको आहे," बाई म्हणाल्या. "पण माझ्या नको असण्याला कोर्टात किंमत नाही."

काकांनी फाईल दुसऱ्या काखेत धरली. ते लिहिणारे होते. काय लिहायचं ते ठरवणारे दुसरे.

गुरुवार उजाडला. सकाळी साडेआठला बाईंनी शेवटचा प्रयत्न म्हणून मसुदा सांगितला. दहाला दोन्ही पक्ष येणार होते. कलम सहा, प्लॉटचं. कलम सात, मुलीचं. "सातमध्ये सगळे पत्ते घाला," त्या म्हणाल्या. "आईचं घर, वडिलांचं घर, शाळा, मावशीचं घर. मावशी तिला शाळेतून आणते. ताबा आणि भेट, दोन्ही पर्याय लिहा, बसून बघू." आणि त्या फोनवर गेल्या.

कलम सहा काकांच्या हातचा मळ. जमिनीचा जुना नमुना त्यांनी संगणकात जपून ठेवला होता, तो काढला, नावं बदलली, झालं. घड्याळात सव्वानऊ. कलम सात डोक्यानं रचत बसायला वेळ नव्हता. त्यांनी कलम सहाच उचलून खाली ठेवलं आणि संगणकाला सांगितलं, जिथं जिथं ‘मिळकत’ आहे तिथं तिथं ‘मुलगी’ कर. संगणकानं एका क्षणात केलं.

पण संगणकाला व्याकरण कुठं येतं? ‘मिळकतीच्या’मधली ‘मिळकत’ गेली आणि ‘मुलगी’ बसली, मागची वेलांटी तशीच राहिली. पानभर दोन दोन वेलांट्यांच्या मुली झाल्या. डोक्यावर दोन शिंगं असल्यासारख्या. काकांना घाम फुटला. असला कागद बाईंसमोर ठेवला तर पेन्सिलीला टोक निघालं असतं. ते एकेक ओळ धरून शिंगं काढत सुटले. ‘मुलीच्या’ केलं, ‘मुलीवर’ केलं, ‘मुलीकडे’ केलं. मध्ये प्लॉटचे शेजारी पुसले तेव्हा चार ओळी कोऱ्या दिसल्या, पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. कोरी जागा सोडायची नाही. बाईंनी पत्ते चारच सांगितले होते, ते चार ओळींत बरोबर बसले. काकांना बरंसुद्धा वाटलं. नजर वेलांट्यांवर होती. वाक्य काय म्हणतंय ते बघायला डोळे शिल्लक नव्हते. बाईंनी सांगितलेले दोन पर्याय तर राहूनच गेले.

दहाला पाच कमी असताना चार प्रती निघाल्या. बाई अजून फोनवरच. त्यांनी हातानंच खूण केली, वाटा.

औषधवाली एका शिसवी खुर्चीत, लिफ्टवाला दुसरीत, त्याच्या बाजूला गेंडा. दोघं समोरच्या भिंतीकडं बघत होते. लिफ्टवाला म्हणाला, "तुमच्या लिफ्टचा दोर बघून घ्या. दुसऱ्या मजल्यावर कण्हतेय."

"आला तेव्हापासून लिफ्टबद्दलच बोलतोय," औषधवाली बाईंच्या दिशेनं म्हणाली.

गेंड्याला एक सवय होती. कुठलाही कागद तो मोठ्यानं वाचायचा, एका सुरात, न थांबता, आणि स्वतः ऐकायचा नाही. त्याचं लक्ष नुसतं तारखा आणि आकड्यांवर. त्यानं कलम एक ते सहा असं दळून काढलं आणि सातवर आला.

"कलम सात. सदर मुलीचे वर्णन येणेप्रमाणे. सदर मुलीच्या चतुःसीमा. पूर्वेस, आईचे राहते घर. पश्चिमेस, वडिलांचे राहते घर. दक्षिणेस, शाळा. उत्तरेस, मावशीचे घर. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक सदर मुलगी तीतील झाडे, झुडपे, दगड, धोंडे व पाण्यासह..."

इथं गेंडासुद्धा थांबला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या कातडीच्या आत काहीतरी शिरलं.

कपाटामागं काका उभे होते, त्यांना वाटलं आत्ता कपाटात शिरून दार लावून घ्यावं. बाईंनी फोन ठेवला, प्रत उचलली, वाचली, आणि पेन्सिल शोधायला लागल्या.

तेवढ्यात लिफ्टवाल्याच्या घशातून आवाज आला. आधी वाटलं रडतोय. मग तो म्हणाला, "दगडधोंडे आहेत पण. खरंच आहेत. तिच्या दप्तरात अर्धा किलो असतात."

"दप्तरात काय, खिशात," औषधवाली म्हणाली. भिंतीकडंच बघत. "गेल्या महिन्यात धुण्याचं मशीन बंद पडलं. माणूस बोलावला, त्यानं खडे काढून हातावर ठेवले."

"माझ्याकडं उशीखाली ठेवते."

"धुऊन ठेवते का?"

"दात घासायच्या ब्रशनं."

"कुणाच्या ब्रशनं?"

लिफ्टवाल्यानं जिभेनं दात चाचपले. बहुतेक ही शंका त्याला आजपर्यंत आली नव्हती. आणि औषधवाली हसायला लागली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. तिचं बघून तोही. सात महिने ज्या दोघांनी एकमेकांकडं मान वळवली नव्हती, ते एका खोलीत एकाच गोष्टीवर हसत होते, आणि दोन नामांकित वकील परीक्षेत चुकीचा पेपर मिळाल्यासारखे एकमेकांकडं बघत होते.

"पुढचं वाचा," औषधवाली डोळे पुसत गेंड्याला म्हणाली.

"वाचू?" गेंड्यानं बाईंना विचारलं.

"आता काय लपवायचंय. वाचा."

"सदर मुलीवर कोणत्याही प्रकारचा बोजा, तारण अथवा तिऱ्हाइताचा हक्क नाही. सदर मुलीकडे जाण्यायेण्याचा वहिवाटीचा रस्ता उभय पक्षांना बारमाही खुला राहील व त्यास कोणीही कधीही अडथळा करणार नाही."

हसू ओसरलं.

लिफ्टवाल्यानं प्रत हातात घेतली आणि बोट ठेवून ते वाक्य परत वाचलं. मग म्हणाला, "हे बरोबर नाही पण."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "काय बरोबर नाही?"

"माझं घर पश्चिमेला नाही येत. शाळेकडं तोंड करून उभं राहिलं तर उत्तरेला येतं. मावशीचं पश्चिमेला."

"शाळा पण दक्षिणेला नाही," औषधवाली म्हणाली. "सकाळी ऊन समोरून येतं आम्ही जातो तेव्हा. पूर्वेला असणार."

आता हा प्रांत काकांचा. सीमेवरून दोन शेजारी अडले की दस्तलेखक एकच करतो. कपाटामागचा माणूस कोरा कागद घेऊन पुढं आला, टेबलावर वाकला आणि कच्चा नकाशा काढायला लागला. "शाळेचं फाटक कुठं? बरं. मग दुकान?" दोघं खुर्च्या सरकवून जवळ आले. जड खुर्च्या, फरशीवर किंचाळल्या. तो म्हणाला इथं पूल आहे, ती म्हणाली पूल अलीकडं. तो म्हणाला मुलगी पुलावरून येते, ती म्हणाली तिला पुलावरून येऊ देत जाऊ नकोस, गाड्या असतात. तो म्हणाला बरं. एवढं सरळ ‘बरं’ तिनं त्याच्याकडून बऱ्याच वर्षांत ऐकलं नसावं. तिनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

चारी बाजूंची घरं जागेवर बसली. मध्ये चौकोन राहिला.

"इथं मुलगी," काकांनी लिहिलं.

औषधवाली त्या चौकोनाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पण काका, ताबा कुणाचा ते यात येतच नाही."

काकांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी मान हलवली, बोला.

"ताई, चतुःसीमेत ज्याचं नाव येतं ना, तो मालक नसतो," काका म्हणाले. "तो शेजारी असतो. लागून असतो. मालकाचं नाव वर येतं."

"मग वर कुणाचं आहे?"

काकांनी कागद तिच्याकडं फिरवला. "वर मुलीचंच आहे. मी दुसरं कुणाचं घातलेलं नाही. घालायचं होतं, पण राहिलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा भोंगा दाबून धरला होता, तो थांबला.

"दवाखान्यात सही?" औषधवालीनं विचारलं. पण आता ती बाईंना नव्हे, लिफ्टवाल्याला विचारत होती.

"जो जवळ असेल तो करेल," तो म्हणाला. "तू जवळ असलीस तर तू. मला नुसतं कळव. मी शाफ्टमध्ये असलो तरी फोन लागतो."

"लागत नाही. तीनदा बघितलंय."

"मग मेसेज टाक. वर आलो की दिसतो."

गेंडा खाकरला. "बाई, अहो, पण ताबा शब्दाशिवाय कागद..."

"वकीलसाहेब, कोर्टाला मुलीची सोय झालेली बघायची आहे. हाच शब्द वापरा असं कुठंही लिहिलेलं नाही. आपल्या दोघांना सवय आहे म्हणून आपण लिहितो." बाईंनी घड्याळ बघितलं. "काका, अडीचला कोर्ट आहे. नीट लिहू. झाडं झुडपं काढा."

"आणि दगडधोंडे?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"तेही काढा. तोंडी समजून घ्या."

साडेबाराला नवा कागद तयार झाला. त्यात मुलीच्या राहण्याची व्यवस्था होती, कोणते दिवस कुणाकडं, कुणाची सही कधी, शाळेतून कोण आणणार. ताबा नव्हता, भेट नव्हती. काका प्रती काढायला गेले आणि बाईंनी शेवटचं पान एकदा स्वतः वाचलं. ‘वहिवाटीचा रस्ता बारमाही’ हे वाक्य त्यांच्या पेन्सिलीखाली आलं. टोक दोन वेळा वर गेलं, दोन वेळा खाली आलं. मग त्यांनी पान उलटलं.

कोर्टात जाताना त्या काकांना म्हणाल्या, "खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

"बाई, मुद्दाम करायची अक्कल असती तर मी तुमच्या जागी नसतो का?"

"म्हणजे चूक?"

"शुद्ध चूक. मी वेलांट्या बघत होतो."

बाई हसल्या नाहीत, पण लिफ्ट खाली येईपर्यंत त्यांच्या गालाला खळी होती.

मुलीला मावशीनं आणलंच होतं, कारण न्यायाधीशांनी सांगितलेलं. ती कोर्टाच्या लांब पडवीत बाकावर बसली होती, पाठीवर दप्तर, पाय जमिनीला पोचत नव्हते, केस पाण्यानं चापून बसवलेले. आई आणि वडील आत गेले. काका फाईल आत पोचवून बाहेर आले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मावशी पाणी आणायला गेली.

आत न्यायाधीश कागद वाचत होते, दार अर्धं उघडं होतं. सगळ्या पानांवरून त्यांची नजर सरसर उतरली आणि एका जागी अडकली.

"हे बारमाही कुणी लिहिलं?"

"माझ्या कारकुनानं," बाई म्हणाल्या. "आधी जमिनीचे दस्त लिहायचे."

काकांनी बाकाची कड धरली. न्यायाधीशांनी चष्मा वर सरकवला, नवऱ्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. "दोघांना समजलंय काय लिहिलंय ते?"

"हो," औषधवाली म्हणाली.

"नकाशासुद्धा आहे," लिफ्टवाला म्हणाला.

"नकाशा नको. राहू द्या हे वाक्य." पेन कागदावर चाललेलं ऐकू आलं. "मुलगी आली आहे का?"

"बाहेर आहे."

"तिला आत आणायची गरज नाही. घरी न्या."

काकांनी बाकाची कड सोडली. शेजारी मुलगी त्यांच्याकडं बघत होती.

"ते मला विचारणार नाहीत?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. तुझ्या आईबाबांनी आपलं आपण ठरवलं."

ती थोडा वेळ पाय हलवत राहिली. "मी उत्तर पाठ केलं होतं."

काका तिच्याकडं वळले. "बरं. आता विसरून जा."

"सांगू?"

"नको, बाळ. मला नको सांगूस. कुणालाच नको."

"वाईट नाहीये," ती म्हणाली, आणि बाकावरून घसरत त्यांच्या जवळ आली. आवाज बारीक केला. "ते विचारणार ना, कुणाकडं राहायचं? मी म्हणणार होते, मला शू आलीय. मग सोडावंच लागतं. शाळेत पण सोडतात."

काका तिच्या तोंडाकडं बघत राहिले. नऊ वर्षांच्या पोराला हे सुचलं नव्हतं. पाच मोठी माणसं, सतरंजी, सगळं अंगण, आणि एवढी साधी वाट.

"आणि परत बोलावलं असतं तर?"

"परत आली असती."

"आणि त्यांनी तिसऱ्यांदा बोलावलं असतं?"

ती विचारात पडली. "मग खरंच आली असती. आता पण आलीय."

काका उठले आणि हसायला लागले. पडवीतल्या दोन वकिलांनी वळून बघितलं, कारण त्या पडवीत असं कुणी हसत नाही. दार उघडून आई बाहेर आली, मागून वडील. काकांनी जिन्याकडं हात केला, "ताई, हिला घेऊन जा लवकर. जिना उतरलं की डावीकडं."

आईनं तिचा हात धरला. चार पावलं गेल्यावर मुलगी थांबली, मागं वळली आणि दप्तर वडिलांच्या हातात दिलं.

"नीट धर," ती म्हणाली. "जड आहे."